कोबिनामामाच्या कुलपाचे सहा आकडे

अनोमाबू
४ जून १९८९

फीफीदादा,

तू पाठवलेलं कापड आणि बाटल्या बाबांच्या दफनाआधी पोचल्या. तू मात्र पोचला नाहीस. आईने तीनदा विचारलं, फीफी आला का. चौथ्यांदा विचारलं नाही. एवढं बोलून हा विषय मिटवते, नाहीतर सगळा कागद यातच जायचा.

आता काम. किनाऱ्यावर होड्यांच्या मोटारी चोरीला जायला लागल्या तेव्हा तूच तुझ्या दुकानातलं ते भारी कुलूप बाबांना पाठवलं होतंस. ते वाळूतल्या लोखंडी कंटेनरच्या दारात बसलंय आणि आत आपल्या होड्यांच्या पाचही मोटारी अडकल्यात. दोन किल्ल्या होत्या. एक बाबांच्या कमरेची सुटून मागच्या वर्षी समुद्रात गेली. दुसरी नाना एशुनांकडे आहे. कुळाचे थोरले म्हणून बाबांच्या सगळ्या वस्तू त्यांनी पांढऱ्या कापडावर मांडून ठेवल्यात. वारस ठरेपर्यंत त्यांतली एकही वापरायची नाही. मेलेल्या माणसाच्या किल्लीने दार उघडलं तर तो परत आत-बाहेर करायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि वारस कोण? मी लेक, म्हणजे कुणीच नाही. मामाचं सगळं भाच्याला. पहिला भाचा तू, दुसरा क्वामेना. जुलैअखेर कुळाची बैठक आहे. तू नाही आलास तर क्वामेनाचं नाव लागेल, आणि त्याने टेमाच्या व्यापाऱ्याशी मोटारी विकायची बोलणी आत्ताच करून ठेवलीत. तारलीचा हंगाम त्याआधीच सुरू होतो. एकदा मोटारी समुद्रावर गेल्या की भर हंगामात विकायला नाना कुणाला देणार नाहीत. म्हणून दार आधी उघडायला हवं. नाहीतर होड्या वाळूत, माणसं घरी आणि आईच्या मासे धुरवायच्या भट्ट्या थंड.

क्वामेनाने वेल्डर आणला होता. नानांनी काठी घेऊन पळवला, कारण आत पेट्रोलची पिंपं आहेत. तू दिलेलं ते कार्ड, जे दाखवल्याशिवाय नवी किल्ली मिळत नाही, ते बाबांनी जपून कुठे ठेवलं होतं माहितीय? कंटेनरमध्ये.

तर मी शहाणपणा केलाय. किल्लीच्या डोक्यावर कोरलेले आकडे लांबून वाचून घेतले: ४०७१८. तुझ्या मशीनमध्ये घाल आणि किल्ली पाठव. किंवा स्वतः ये.

आराबा


त्रेशव्हिल, आबिजान
१२ जून

आराबा,

कोबिनामामाची बातमी कळली त्या दिवशी मी दुकानात कुलूपच खोलून बसलो होतो. सगळ्या स्प्रिंगा जमिनीवर सांडल्या. यायचं होतं, पण माझे राहण्याचे कागद इथल्या कचेरीत अडकलेत. सीमा ओलांडली तर परत आत घेतील की नाही, देव जाणे. मामीला सांग.

आता तुझा शहाणपणा. ४०७१८ हा कोड नाही, ते त्या किल्लीचं टोपणनाव आहे. दारावरची पाटी वाचून घरात कोण कुठे झोपतं ते कळतं का? तसंच हे. त्या टोपणनावामागे खरे आकडे कोणते, ते कारखान्याला माहीत, आणि कारखाना कार्ड दाखवल्याशिवाय ओठ उघडत नाही. साध्या कुलपात डोक्यावरचा आकडाच खरा असतो. म्हणून तर ती कुलपं कुणीही उघडतो.

खरा कोड पात्यावर आहे. तुझ्या डोळ्यांसमोरच आहे, फक्त तो आकड्यांत लिहिलेला नाही. पातं सपाट आहे आणि त्यावर ओळीने सहा खड्डे आहेत. उलट्या बाजूलाही तेच सहा, म्हणजे किल्ली कशीही घातली तरी चालावी. प्रत्येक खड्डा चारांपैकी एका खोलीचा असतो. आत कुलपात सहा खिळे आहेत. प्रत्येक खिळा आपापल्या खड्ड्यात नेमका तेवढाच उतरला, केसभर कमी नाही की जास्त नाही, तरच कुलूप फिरतं.

मोजायला तुझ्याकडे साधन नाही, पण मी दुकानातल्या तशाच किल्लीवर करून पाहिलंय. बाजरीचे बारीक दाणे आणि मिरचीचं बी घे. खड्ड्यात टाचणीचं टोक टेकतं पण बी ठरत नाही, तो एक. मिरचीचं बी ठरतं, बाजरी घरंगळते, तो दोन. बाजरी बसते पण वर डोकं काढते, तो तीन. बाजरी पूर्ण बुडते आणि वरून बोट फिरवलं तरी लागत नाही, तो चार. किल्लीचं डोकं डाव्या हातात धर आणि डावीकडून उजवीकडे वाच.

दोन अटी. आधी नानांना विचार. त्यांनी नाही म्हटलं तर मी नाही. दुसरी, ते सहा आकडे म्हणजेच किल्ली. कागदावर लिहिलेस की कागद ज्याच्या हाती त्याच्या हाती मोटारी. तीन आकडे एका ड्रायव्हरबरोबर पाठव, तीन दुसऱ्याबरोबर.

फीफी


अनोमाबू
२१ जून

दादा,

तुझे कागद अडकले असतील. तुझी मामी ऐकून "हं" म्हणाली. तिचं "हं" तुला माहीत आहे.

नानांकडे गेले. किल्ली मागितली नाही, बघायला मागितली. त्यांनी कोलाचं कडू बी तोंडात टाकून चघळलं. मग म्हणाले, "किल्ली हलणार नाही. पण मेलेल्याची वस्तू बघायला कुणाला बंदी नाही. आणि दार दुसऱ्या कशाने उघडलं तर माझी ना नाही, होड्या मलाही हव्यात." झाली तुझी पहिली अट.

दुसऱ्या दिवशी मी बाजरी, मिरचीचं बी, टाचणी असं ताटलीत घेऊन हजर. नानांनी आधी थोडी दारू जमिनीवर ओतून बाबांना सांगितलं की तुझी पोर काहीतरी उद्योग करतेय, मनावर घेऊ नकोस. सगळे म्हातारे गोल करून बसलेले. मी तू सांगितलंस तसं डावीकडून उजवीकडे, एकेक खड्डा, एकेक दाणा. पहिले दोन खड्डे होईपर्यंत सगळे गंभीर. तिसऱ्याला नानांनी चष्मा मागवला. चौथ्याला ते माझ्या खांद्यावरून वाकून "बुडाला का? बुडाला का?" विचारत होते. एक म्हातारा म्हणाला, नाना, हे शोकाचं घर आहे. नाना म्हणाले, शोक चालूच आहे, तू गप बस.

क्वामेना दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, बाजरी पेरून मोटारी उगवणार वाटतं. मी म्हटलं, उगवल्या तर तुला एक दाणा देईन.

पहिले तीन आकडे: दोन, चार, एक.

मला आता वेडच लागलंय. घरातली, शेजारची, चर्चची, सगळ्या किल्ल्या धरून बघते. चर्चच्या पेटीची किल्ली तर इतकी सोपी आहे की देवाचा लोकांवर फारच विश्वास दिसतो. नाना विचारतात, दोन माणसांच्या किल्ल्यांचे खड्डे सारखे निघू शकतात का?

आराबा


अनोमाबू
२३ जून

दादा, हे मासळीच्या लॉरीबरोबर. उरलेले तीन: तीन, एक, तीन. लवकर कर. कोरमांतीनच्या होड्यांना तारलीचे पहिले थवे दिसलेत म्हणे.

आ.


त्रेशव्हिल
४ जुलै

आराबा,

दोन्ही पोचले, आणि दोन्ही ड्रायव्हर एकाच खाणावळीत एकाच टेबलावर बसून कसाव्याचा अत्तियेके खात होते. आपली एवढी हुशारी त्यांच्या ताटात गेली. पण पाकिटं बंद होती.

२, ४, १, ३, १, ३. किल्ली सोबत आहे. मक्याची केंकी बांधतात त्या पानात गुंडाळून साबणाच्या वडीत दाबलीय, साबण पाण्यात विरघळव. अशा किल्लीचं कोरं पातं कार्डाशिवाय कपाटाबाहेर काढायला दुकानाच्या मालकीणबाई, मादाम आयाकूरो, देत नाहीत. तरीही नियम मोडावा लागला नाही. कसा, ते विचारू नको.

नानांना सांग, सहा खड्डे आणि प्रत्येकाची खोली चार तऱ्हांची म्हटल्यावर किल्ल्या चार हजारांवर जातात. त्यांतल्या सगळ्या कारखाना वापरत नाही. सहाही खड्डे सारखेच, असा कोड कुणी करत नाही, कारण तो आंधळाही उघडेल. शेजारशेजारच्या खड्ड्यांत काही तरी चढउतार हवा. सारखी जोडी निघू शकते, पण ती दोन कुलपं एका गावात यायला नशीब फारच वाईट हवं.

मोटारी बाहेर काढल्यास की त्यांची तोंडं आधी गोड्या पाण्याने धू. मामा तसंच करायचा.

फीफी


अनोमाबू
१३ जुलै

फीफी,

किल्ली फिरली नाही.

आत गेली, अगदी लोण्यात सुरी जावी तशी. फिरली मात्र नाही. तेल घातलं, उलटी घातली, देवाचं नाव घेतलं. सगळा किनारा जमला होता. होडीवाले दोर घेऊन तयार उभे होते. आईने नवीन जाळ्या टाकून भट्ट्या पेटवून ठेवल्या होत्या, कारण मी तिला तसं सांगितलं होतं. क्वामेनाने टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या होड्या तारलीने वाकून परत येतायत. आमची माणसं त्यांच्या होड्यांवर मजुरीला जाऊ लागलीत. आईने काल भट्ट्यांतली राख काढली आणि पोत्यावर पालथी पडून राहिली.

मी खूप विचार केला. मी प्रत्येक खड्डा दोनदा वाचला. म्हाताऱ्यांनी साक्षीला बसून वाचला. आकडे चुकलेले नाहीत. मग किल्ली चुकली कशी? एवढी वर्षं कुलपात हात असलेल्या माणसाची किल्ली चुकते? वारस तू आहेस. मोटारी आतच राहिल्या, हंगाम गेला, तर त्या नव्यासारख्या तुझ्या हाती येतील. तू बैठकीपुरता येशील, नाव लावून घेशील आणि मोटारी आबिजानला नेशील. नियम कसा मोडावा लागला नाही ते विचारू नको म्हणालास. मी विचारतेय.

बैठक तीस तारखेला आहे.

आराबा ओत्सिवा अर्कोफुल


त्रेशव्हिल
२० जुलै

आराबा,

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. बायको विचारत राहिली, काय झालं, आणि मला तिला सांगताही येईना की माझी बहीण मला चोर म्हणतेय. तू मामाची लेक आहेस म्हणून ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्याचा कागद त्यालाच गिळायला लावला असता.

पहिल्यांदा मी ठरवलं, तू वाचण्यात चुकलीस. नाचता येईना अंगण वाकडं, असंही लिहायला घेतलं होतं. दोन दिवस तेच उगाळत राहिलो. मग काल दुकानात सेकोंदीची एक बाई आली, आपलीच, फान्ते. तिला म्हटलं, तुझ्या किल्लीचे खड्डे मला वाचून दाखव, सहज, आपली भाषा ऐकायला. तिने किल्ली उचलली आणि मी खुर्चीतून उठलोच.

उजव्या हातात धरली होती.

अग, मी तुला काय लिहिलं होतं? डोकं डाव्या हातात धर. इथे फ्रेंच लोकांत राहून मी इतका कोडगा झालोय की म्हाताऱ्यांसमोर, मेलेल्या माणसाच्या कापडावरून, डाव्या हाताने वस्तू उचलायला सांगितलं. तू ते वाचलंस, आणि अर्थातच केलं नाहीस. चांगल्या घरची कुठलीच पोर करणार नाही. नानांनी हात मोडला असता. तू ते लिहिलंही नाहीस, कारण त्यात लिहिण्यासारखं तुला काही वाटलंच नाही. डोकं उजव्या हातात धरलं की पातं डावीकडे येतं. तू डावीकडून उजवीकडे बरोबर वाचलंस, पण टोकाकडून डोक्याकडे. कुलूप डोक्याकडून टोकाकडे वाचतं. तुझे सहाही आकडे बरोबर होते. फक्त उलटे: ३, १, ३, १, ४, २.

नवी किल्ली सोबत. ड्रायव्हर ओळखीचा आहे, तुझ्या हातातच देईल.

आता तू विचारलंस ते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मादामने विचारलं, कार्ड कुठाय? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मालक मेला, मग आता या कुलपाचा मालक कोण? मी म्हणालो, ते कुळाच्या बैठकीत ठरेल. त्या म्हणाल्या, कुणीतरी मालक असल्याशिवाय मी कोरं पातं देणार नाही. मग मी म्हणालो, "मी." दोनदा विचारलं, दोनदा म्हणालो. एवढंच. मला वारस व्हायचं नाही, आराबा, पण तुझं दार उघडायला दुसरा शब्द नव्हता.

फीफी


अनोमाबू
३१ जुलै

दादा,

आधी माफी. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. भूक लागली की मला माणसं ओळखू येत नाहीत. आईला तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती इतक्या दिवसांनी हसली, आणि म्हणाली, डाव्या हाताने म्हणे! हा पोरगा पुरता फ्रेंच झाला.

किल्ली शनिवारी आली. मी कुणाला बोलावलं नाही, एकदा तोंडघशी पडले तेवढं पुरे. पण ड्रायव्हरने वाटेत सगळ्यांना सांगितलं असावं. मी पोचेपर्यंत नाना काठी टेकत वाळूतून येत होते आणि मागे अर्धा किनारा. मी घातली, फिरवली. दादा, ती फिरली. आवाज एवढासा, दोन बोटं मोडल्यासारखा. दार उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, बाबांच्या सदऱ्याचा असायचा तो वास, आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. होडीवाले माझ्या अंगावरून आत गेले.

मोटारी संध्याकाळीच समुद्रावर गेल्या. रविवारी सकाळी आल्या तेव्हा आईच्या भट्ट्यांना जागा पुरेना.

आता दुसरं. रविवारीच बैठक होती. क्वामेना नवीन सदरा घालून आला होता. नानांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. ही दाराची किल्ली कुणी केली? मी म्हटलं, फीफीने. आणि (आईने तुझं पत्र त्यांच्या कानावर घातलं असणार) मालक म्हणून त्याने स्वतःचं नाव सांगितलं का? तुझं पत्र माझ्याकडेच होतं. मी खोटं कसं बोलू, तेही नानांसमोर? मी म्हटलं, हो, दोनदा.

नाना म्हणाले, "मामाचं दार ज्याच्या हाताने उघडलं, तोच त्याचा हात." बाटली उघडली, दारू ओतली, तुझं नाव बाबांना सांगितलं. क्वामेना नवा सदरा झटकत उठून गेला. तू आता वारस आहेस. पण तू स्वतः येऊन कापडावरची किल्ली उचलायची आहेस. हंगाम संपेपर्यंत नाही आलास तर दारू पुन्हा ओततील आणि क्वामेना मोटारी टेमाला नेईल. मी मुद्दाम केलं असं समजू नकोस. थोडंसं केलं.

आराबा


त्रेशव्हिल
८ ऑगस्ट

आराबा,

तू काय करून बसलीस? मी एका कोऱ्या पात्यासाठी एक शब्द बोललो आणि तुम्ही त्यावर दारू ओतून मोकळे झालात.

आता खरं सांगतो. कागदबिगद काही अडकलेले नाहीत. मला भीती वाटते. मामा म्हणजे पाच मोटारी नव्हेत. मामा म्हणजे तीस-चाळीस माणसं, त्यांची भांडणं, त्यांच्या पोरांच्या शाळा, मामी, तू, आणि जो कोणी मरेल त्याचं दफन. मला समुद्र लागतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. बंदरातल्या होडीत बसलो तरी ओकतो. असा होडीमालक बघून कोंबड्याही हसतील. इथे माझी बायको आया आहे, दोन मुलं आहेत, आणि दिवसभर कुलपं. कुलूप मला कळतं. माणसं कळत नाहीत.

म्हणून असं कर. नाव माझं राहू दे, काम तू बघ. नानांना सांग की मी लवकरच येतोय. असं बरेच दिवस सांगता येतं.

कुलूप मात्र बदलायला हवं. ते आकडे दोन ड्रायव्हरांच्या हातातून, म्हाताऱ्यांच्या तोंडून आणि क्वामेनाच्या कानांवरून गेलेत. बाजरीची गोष्ट तर इथल्या फान्ते वस्तीतही पोचलीय. दार तेच राहील, फक्त आतला गाभा बदलायचा. तो मी बनवतो, आणि या वेळी आकडे मी ठरवणार नाही की कारखाना नाही. तू ठरव. एक ते चार यांतले सहा, सगळे सारखे नकोत. दोन्ही किल्ल्या तुझ्याकडेच राहतील. मोटारी बाहेर काढायला पुन्हा कुणाच्या कापडाकडे बघावं लागणार नाही. मामाच्या लेकीला एवढं तरी देऊ दे.

सहा आकडे लिहून पाठव. गाभा ड्रायव्हरबरोबर येईल, बसवायचा कसा ते चित्र काढून देतो.

फीफी


अनोमाबू
१७ ऑगस्ट

दादा,

होडीमालकाने समुद्रात जायचं नसतं. किनाऱ्यावर उभं राहून शिव्या द्यायच्या असतात, आणि त्या तुला चांगल्या येतात. तीस-चाळीस माणसं तुला एकट्याला उचलायची नाहीत. बाबाही सगळं आईला विचारून करायचे आणि बाहेर येऊन स्वतःचं म्हणून सांगायचे. मीही तसंच सांगत जाईन, तू बाहेर बोल. आयाला आणि मुलांना घेऊन ये, आईने खोली सारवून ठेवलीय. मंगळवारी पोचशील असं बघ. त्या दिवशी होड्या जात नाहीत, सगळे घरी असतात.

तारली अजून आहे, पण नानांनी काल समुद्राकडे बघून विचारलं, अजून किती दिवस.

आकडे मी ठरवले आहेत. आईला सांगितलेले नाहीत, नानांनाही नाहीत. पत्रात लिहिणार नाही. समोर येऊन बस, मग सांगते.

आराबा